गॅलरी आहे ना?

फेब्रुवारी 2022. ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या वळणावर झाडांची हातगाडी दिसली आणि मी थांबलो. गाडीवर नेहमीचीच मंडळी होती. तुळस, शेवंती, काळ्या पिशव्यांतले गुलाब, मनीप्लँट, आणि एका कडेला गुडघ्याएवढा मोगरा, त्याच्या शेंड्याला दोन हिरव्या कळ्या. झाडवाला पाणी मारत होता. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "गॅलरी आहे ना, दादा?" मी म्हणालो, "आहे." "ऊन किती येतं?" "भरपूर." त्याने मान हलवली, मोगऱ्याच्या पिशवीला वर्तमानपत्र गुंडाळलं, वर "रोज पाणी घालू नका" एवढं सांगितलं आणि एकशेवीस रुपये घेतले. घरापर्यंतच्या दहा मिनिटांत रोप छातीशी धरून चालताना मला पहिल्यांदा वाटलं की हे आपण काय बोललो. आमच्याकडे गॅलरी नाही.

तसं मी खोटं बोलत नाही असं मुळीच नाही. सुट्टीच्या अर्जात बोलतो, डॉक्टरला रोज किती चालतो ते सांगताना तर ठरवून बोलतो. पण तिथे काहीतरी पदरात पडतं. इथे काय पडणार होतं? गॅलरी नाही म्हटलं असतं तरी त्याने रोप विकलंच असतं, फार तर "मग मनीप्लँट न्या" म्हणाला असता. त्या "मग मनीप्लँट न्या"चीच मला धास्ती वाटली असणार. डोंबिवलीत वीस वर्षं काढली, हप्ते फेडले, आणि एका हातगाडीवाल्याने अर्ध्या मिनिटात आपली जागा मोजून टाकावी, हे नको होतं.

बरं, अगदी शंभर टक्के खोटंही नव्हतं ते. आमच्या वन बीएचकेला एके काळी गॅलरी होती. आधीच्या मालकाने ती हॉलमध्ये घेतली. हॉलच्या पूर्वेच्या टोकाला फरशीचा रंग बदलतो, पिवळसर मोझॅक संपून पांढऱ्या टाइल सुरू होतात, तिथून पुढची साडेतीन फूट म्हणजे ती गॅलरी. आता तिथे सरकत्या काचांची खिडकी आहे, खिडकीला मच्छरांची जाळी आहे, जाळीबाहेर ग्रील आहे. पूर्वी ग्रील दीड फूट बाहेर होतं, त्यात सगळ्यांच्या कुंड्या असायच्या. पण बिल्डिंगच्या रंगकामाच्या वेळी सोसायटीने नोटीस काढली. कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, भिंतीत मुरतं, सबब सगळ्यांनी ग्रील भिंतीत घ्यावं. घेतलं. तेव्हापासून आमच्या मजल्यावर झाडं म्हणजे घरातली झाडं. मी मोगरा बरोबर त्या पांढऱ्या टाइलवर ठेवला आणि मनाशी म्हटलं, ठेवला की नाही गॅलरीत?

दोन कळ्यांपैकी एक तिसऱ्या दिवशी गळाली. दुसरी उमलली, पण कशीबशी, परीक्षेला बसायचं म्हणून बसल्यासारखी. त्यानंतर त्या उन्हाळ्यात एकही कळी आली नाही. झाड मेलं नाही, हाच सगळा घोटाळा. मेलं असतं तर विषय संपला असता. उलट ते वाढत होतं. लांब लांब फांद्या, दोन पानांमधलं अंतर वीतभर, पानं फिकट आणि पातळ, आणि सगळं अंग खिडकीकडे कललेलं. दर रविवारी मी कुंडी फिरवायचो, पुढच्या रविवारपर्यंत ते पुन्हा वळून बसायचं. मला वाटायचं, चला, जोमात आहे. ती वाढ जोमाची नसून उजेड शोधायची धडपड असते, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी पाणी घालायचो. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी तांब्याभर. त्याला दुसरं काय देणार होतो? ऊन माझ्या हातात नव्हतं, पाणी होतं. गांडूळखत घातलं, ताक घातलं, केळ्याच्या साली भिजवून ते पाणी घातलं. घरात माती वाळत नाही. गच्चीवरची कुंडी मेमध्ये दिवसात कोरडी पडते, आमची चार-चार दिवस ओलीच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ओल्याचिंब मातीत हवेला जागा उरत नाही. जूनमध्ये मातीवर बारीक चिलटं उडायला लागली, पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण. कडुनिंबाच्या तेलात साबणाचं पाणी मिसळून मी एकेक पुंजका दात घासायच्या जुन्या ब्रशने काढत बसलो होतो, तेव्हा आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. "तेका पानी नको रे," ती म्हणाली, "तेका ऊन व्हया. बुडवून मारशीत तू."

आई कुडाळकडची. बाबा गेल्यावर आमच्याकडे आली ती कायमची. आता इथे एक सोपी वाट आहे. गावाकडची बाई, अंगणातलं झाड, दोघंही चारशेवीस चौरस फुटांत आणून ठेवलेली, वगैरे. या वाटेने जायचा मोह मला पण झाला, एकदा तसं तिच्यासमोर बोललोही. ती खो खो हसली. चाळीस वर्षं विहिरीचं पाणी ओढलेल्या बाईला नळाचं काय अप्रूप असतं, ते आपल्याला नाही कळणार. इथे बटण दाबलं की गरम पाणी येतं, संध्याकाळी खाली बाकड्यावर पाच बायका असतात, मासेवाली दारात येते. गावी परत जायचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडते. आई इथे मजेत आहे. मोगरा मजेत नव्हता.

गावी मोगरा अंगणाच्या पुढल्या कोपऱ्यात होता, दिवसभर उन्हात. त्याच्याकडे कोणी बघत नसे. संक्रांत झाली की आई कोयत्याने त्याला अगदी निर्दयपणे छाटायची, उरलीसुरली पानंही ओरबाडून काढायची आणि पंधरा दिवस त्याला पाण्याशिवाय ठेवायची. मला ते बघवायचं नाही. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीला येतात, जुनी फांदी कितीही जपली तरी ती पानंच देते, हे त्या कोयत्यामागचं शास्त्र. एप्रिलमध्ये त्याच खराट्यावर रोज परडीभर कळ्या. त्या सकाळीच खुडायच्या, उमलायच्या आत, आणि ओल्या फडक्यात ठेवायच्या. संध्याकाळी फडकं उघडलं की सगळ्या फुललेल्या. जव्हार, विक्रमगडच्या शेतकऱ्यांच्या मोगऱ्याच्या कळ्यासुद्धा अशाच भल्या सकाळी खुडून दादरच्या फुलबाजाराला निघतात. सिग्नलवर आपण गजरा घेतो तेव्हा त्या कळीने सकाळपासून बराच प्रवास केलेला असतो.

न्हाणीच्या मागे मात्र अबोली होती. तिला कोणी लावलेलं नव्हतं. आंघोळीचं पाणी, फणसाची सावली, बास. अबोलीची बोंडं वाळली की आम्ही पोरं ती पाण्यात टाकायचो. क्षणभर काही होत नाही, मग टक्कन फुटतात आणि बी उडून भलतीकडे जातं. शाळेत तोंडात धरून बसायचं आणि मास्तरांची पाठ वळली की वाट बघायची. ओठावर तो बारीकसा फटका बसतो, तो अजून आठवतो.

पावसाळा संपता संपता मी फोनवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. आमचा हॉल चांगला उजेडाचा आहे असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. दुपारी बारा वाजता सेक्रेटरीकडून किल्ली मागून गच्चीवर गेलो, फोन उन्हात धरला. आकडा लाखाच्या आसपास. खाली आलो, पांढऱ्या टाइलवर मोगऱ्याशेजारी धरला. अठराशे. जाळी सरकवली तर अडीच हजार. टीव्हीपाशी गेलो, तिथे सत्तर. मी सोफ्यावर बसून खोलीभर बघितलं. मला तर सगळीकडे लख्ख दिसत होतं. डोळा फार समजूतदार आहे. बाहुली मोठी करतो, सावरून घेतो, आणि सत्तरालाही उजेड म्हणतो. झाडाला असं काही करता येत नाही. ते पानावर पडेल तेवढंच जेवतं. पन्नासातला एक घास मी त्याला देत होतो आणि वर तांब्याभर पाणी.

मग झाडांसाठीचा जांभळा दिवा आणला. त्याने दोन गोष्टी झाल्या. पानं जरा हिरवी झाली, आणि रात्री आठला खालून जाणाऱ्या प्रत्येकाने मान वर करून आमच्या खिडकीकडे बघायला सुरुवात केली. वॉचमनने एकदा अदबीने विचारलं, "साहेब, घरी काही कार्यक्रम?" बायको म्हणाली, हॉलमध्ये बसलं की डान्स बारमध्ये बसल्यासारखं वाटतं. आईने तिसऱ्या दिवशी कुणाला न विचारता प्लग काढला. दिवा अजून माळ्यावर आहे.

तर खिडकी पूर्वेची. पूर्वेची म्हटलं की लोकांना हेवा वाटतो, पण समोर वीस फुटांवर तळमजला अधिक चार मजल्यांची बिल्डिंग होती आणि आम्ही पहिल्या मजल्यावर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सूर्य पूर्वेला उगवतो आणि जवळजवळ सरळ डोक्यावर चढतो. मुंबईच्या पट्ट्यात मेच्या मध्यावर तर दुपारी सावली पार पायाखाली जाते. त्यामुळे त्या बिल्डिंगच्या गच्चीवरून डोकं काढायला त्याला साडेदहा व्हायचे, आणि अकराच्या पुढे तो आमच्याच छज्ज्याच्या आड जायचा. पाऊण तास. दक्षिणेच्या खिडकीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्याकडे डिसेंबरात ऊन सोफ्यापर्यंत येऊन लोळतं आणि मोगऱ्याच्या ऐन मोसमात खिडकीच्या चौकटीत पाऊलही टाकत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर समोरची बिल्डिंग रिकामी व्हायला लागली.

रिडेव्हलपमेंटची बोलणी आठ वर्षं चालू होती, त्यामुळे कोणाचा विश्वास नव्हता. पण एका रविवारी तीन टेम्पो लागले. समोर दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. आमच्या हॉलमधून त्यांचं स्वयंपाकघर दिसायचं. दिसायचं म्हणजे, वीस फुटांवर असल्यावर बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. पहाटे त्यांचा दिवा सगळ्यांत आधी लागायचा. दळण, डाळ-तांदळाचे स्टीलचे डबे एकावर एक, ओट्याच्या वर गणपतीचं कॅलेंडर. बाहेर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात जास्वंद. टेम्पोत सगळं चढलं, जास्वंद राहिली. भाड्याच्या घरात चौथ्या मजल्यावर ग्रीलच नाही म्हणे. वॉचमनने ती गेटजवळ ठेवली, हलवल्यावर आठ दिवसांत तिच्या होत्या नव्हत्या कळ्या गळून पडल्या.

जानेवारीत हातोडे सुरू झाले. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. धूळ अशी की डाळीत लागायची. मोगऱ्याच्या पानांवर पिठासारखा थर बसायचा, मी रोज रात्री ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचो. संक्रांतीला आईने भाजीची सुरी घेऊन त्याला गावच्या रीतीने छाटला. विळी-कोयता नसल्याने तिला तो फार वेळ पुरला. उरली वीतभर उंचीची चार खोडं. मी म्हणालो, आता हे गेलं. ती म्हणाली, "बघ."

ऊन पहिल्यांदा आलं तो दिवस मला आठवतो, कारण मी झोपेत होतो. रविवार होता, हॉलमध्ये गादी टाकली होती, आणि पावणेआठला तोंडावर काहीतरी गरम पडलं. डोळे उघडले तर समोर बिल्डिंग नव्हती. म्हणजे आधीच्याच आठवड्यात ती गुडघ्यापर्यंत आली होती, पण ऊन असं थेट आत येईल हे ध्यानातच आलं नव्हतं. पिवळ्या फरशीवर ग्रीलची सावली पडली होती. एवढ्या वर्षांत ती मी कधी पाहिली नव्हती. कोपऱ्यातली जळमटं, टीव्हीवरची धूळ, भिंतीवर मुलीने दुसरीत काढलेला आणि आम्ही पुसला असं समजत असलेला हत्ती, सगळं दिसत होतं. बायकोने पापड वाळत घातले. आई पाय उन्हात करून बसली. फोन धरला, आकडा साठ हजारांच्या वर.

मार्चच्या शेवटी कळ्या आल्या. मोगऱ्याच्या कळ्या तिनाच्या झुपक्यात येतात आणि मधली आधी उमलते. पहिल्या दिवशी मी अकरा मोजल्या, एप्रिलच्या मध्यावर मोजायचं सोडून दिलं. संध्याकाळी सातच्या सुमारास कळीचं तोंड सैल व्हायचं, पाकळ्या एकमेकींपासून जराशा सुटायच्या, आणि अर्ध्या तासाने घर भरायचं. हे घर भरणं आपण समजतो तितकं रम्य नसतं, हेही सांगून टाकतो. अंगणातला मोगरा वाऱ्यावर येतो आणि जातो. दहा बाय बाराच्या बंद हॉलमध्ये तो येतो आणि बसतो. त्यात बुधवारी आई बांगडे तळायची. मोगरा आणि बांगडा यांचा जो एकत्र वास होतो त्याला मराठीत शब्द नाही आणि नसलेलाच बरा. रात्री कधी कधी डोकं जड व्हायचं, मग कुंडी स्वयंपाकघरात ठेवायची. पण सकाळी ऊन यायच्या आत ती उचलून पांढऱ्या टाइलवर न्यायला मी धावायचो. आई तीन फुलं देवाला वाहायची आणि एक स्वतःच्या अंबाड्यात खोचायची. बाबा गेल्यापासून तिने फूल माळलं नव्हतं. कोणी काही बोललं नाही.

एकदा कुंडीजवळ बसून फुलं काढत असताना सहज समोर बघितलं. खड्ड्याच्या वर, मोकळ्या हवेत, ऊन नेमकं जिथून येत होतं तिथे मी ओळखीचं काहीतरी शोधत होतो. मग लक्षात आलं, काकूंचा ओटा तिथे होता. माझ्या मोगऱ्याला जे ऊन मिळत होतं ते त्यांच्या स्वयंपाकघरातून येत होतं. त्या दिवशी संध्याकाळी पुडीभर फुलं घेऊन त्यांच्या भाड्याच्या घरी जायचं मनात आलं. पत्ताही ठाऊक होता. गेलो नाही. काय सांगणार होतो?

पुढच्या वर्षी खांब वर यायला लागले. टॉवरचे स्लॅब कसे पडतात ते मी त्या उन्हाळ्यात खिडकीत बसून शिकलो. रात्रभर मिक्सरच्या गाड्यांची घरघर, सकाळी बांबूंच्या जंगलावर ओली राखाडी पाटी, आणि तिच्यावर पाणी मारणारा एक पोरगा. आमच्या खिडकीच्या वर गेलेल्या पहिल्या दोन स्लॅबनी ऊन सकाळी सातवरून नऊच्या आसपास नेलं. त्यापुढच्याने आणखी तास खाल्ला. गंमत अशी की नंतरचे मजले फारसं काही नेत नाहीत. सूर्य वर चढलेला असतो, मग एकेका मजल्याला पंधरा-वीस मिनिटंच. नुकसान सगळं सुरुवातीला होतं. एप्रिल 2024 मध्ये कळ्या आल्या, पण बोटांवर मोजता येतील एवढ्याच, आणि मेमध्ये छज्ज्याची सावली आणि स्लॅबची सावली एकमेकींना येऊन टेकल्या. पिवळ्या फरशीवरची ग्रीलची नक्षी गेली. भिंतीवरचा हत्ती पुन्हा दिसेनासा झाला.

काकू मध्यंतरी बाजारात भेटल्या. प्लॅनचा फोटो फोनवर ठेवलाय त्यांनी. नववा मजला, पूर्वेला गॅलरी. "ताबा मिळाला की जास्वंद परत नेते," म्हणाल्या. जास्वंद गेटजवळ वॉचमनच्या खुर्चीमागे उभी आहे, चांगली छातीएवढी झाली आहे, आणि लाल फुलांचं सगळं श्रेय तो घेतो.

या संक्रांतीला आईने मोगरा पुन्हा छाटला. मी म्हटलं, कशाला, आता ऊन कुठे आहे? तिने उत्तर दिलं नाही. नवे फुटवे आलेत, लांब पेरांचे, सगळे एका बाजूला झुकलेले. टॉवर आणि त्याच्या शेजारची बिल्डिंग यांच्यामध्ये एक फट राहिली आहे, तिकडे.

मागच्या आठवड्यात गाडी आमच्याच गल्लीत आली. तोच झाडवाला, केस पांढरे झालेत. मी खाली उतरलो होतो दुधासाठी. तीन वर्षांत शेकडो गिऱ्हाइकं झाली असतील, मला ओळखण्याचं काही कारण नव्हतं. मी मोगऱ्याच्या रोपाला नुसता हात लावला. "गॅलरी आहे ना, दादा?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडूनच नेला होता एक. तेव्हा आहे म्हणालो होतो."

तो हसला. "सगळेच म्हणतात. ज्याच्याकडे खरंच असते ना, तो भरपूर म्हणत नाही. तो सांगतो, आठ ते अकरा." मग वाकून गाडीच्या खालच्या फळीवरून एक पिशवी काढली. चार इंचाचं रोप, गडद चकचकीत पानं, टोकाला केशरी तुरा. "ही न्या. हिला एवढं लागत नाही. साठ रुपये."

मी काही बोलायच्या आत पहिल्या मजल्यावरून, जाळी सरकवल्याचा आवाज आला.

"साठ? अबोलेक?" आई ग्रीलला तोंड लावून ओरडत होती. "तेका सांग, आमच्या न्हाणीमागे उगवता ती, कोन ढुंकान बघणा नाय!" झाडवाल्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आजी, न्हाणी आहे का तुमच्याकडे?"

चाळीसला दिली.